‘करतो’ की ‘करतोय’? इंग्रजीतला साधा आणि चालू वर्तमानकाळ मराठी कानाने निवडताना

‘आय डोन्ट ईट मीट’ आणि ‘आय अ‍ॅम नॉट ईटिंग मीट’ ही दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत. पहिलं वाक्य जन्मभर शाकाहारी असलेला माणूस बोलेल, दुसरं श्रावण पाळणारा. तुम्ही शाकाहारी असाल आणि परदेशातल्या यजमानाला दुसरं वाक्य सांगितलंत, तर पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी प्रेमाने कोंबडी शिजवून ठेवेल. त्यात त्याची काहीच चूक नसेल. तुम्ही त्याला ‘सध्या खात नाहीये’ असंच सांगितलं होतं.

शाळेत आपल्याला हा फरक खुणेच्या शब्दांवरून शिकवतात. एव्हरी डे, ऑल्वेज, युजुअली दिसलं की प्रेझेंट सिंपल. नाऊ, अ‍ॅट प्रेझेंट दिसलं की प्रेझेंट कंटिन्युअस. गाळलेल्या जागा भरायला हे पुरतं. बोलताना मात्र मनात आधी मराठी वाक्य येतं आणि त्यात खुणेचा शब्द बहुतेक वेळा नसतोच. मला वाटतं, मराठी माणसाने सुरुवात दुसरीकडून करायला हवी. ‘करतो’ आणि ‘करतोय’ हा भेद आपण लहानपणापासून न चुकता पाळत आलो आहोत. इंग्रजीतला फरक बराचसा तोच आहे. आपल्या कानावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे तो फसवतो, एवढंच शिकायचं उरतं. फसवणाऱ्या जागा मोजक्या आहेत आणि त्या ओळखता येतात.

आधी रूपं, थोडक्यात

प्रेझेंट सिंपलमध्ये क्रियापद मूळ रूपातच राहतं. कर्ता ही, शी, इट किंवा कोणी एक माणूस, एक वस्तू असेल तर शेवटी ‘स्’ किंवा ‘ज्’ लागतो: वर्क–वर्क्स, गो–गोज, वॉच–वॉचेस. नकाराला आणि प्रश्नाला डू किंवा डज लागतो. डज आला की तो ‘स्’ त्याच्याकडे जातो आणि क्रियापद पुन्हा मूळ रूपात येतं, म्हणून ‘ही डझन्ट नो’. ‘ही डझन्ट नोज’ चूक.

प्रेझेंट कंटिन्युअसमध्ये अ‍ॅम, इज किंवा आर आणि पुढे ‘इंग’ लावलेलं क्रियापद. यातलं एक ठेवून दुसरं गाळता येत नाही. ‘आय गोइंग’ हे वाक्य अपुरं आहे, आणि ‘आय अ‍ॅम गो’ सुद्धा.

लिहिताना नियम पाळणारी माणसंही बोलताना तो शेवटचा ‘स्’ खातात. ‘माय सिस्टर वर्क इन अ बँक’ हे रोज कानावर पडतं. वाक्यं मोठ्याने म्हणून सराव केला तरच हा ‘स्’ जिभेवर बसतो. मनातल्या मनात वाचून बसत नाही.

पहिली पायरी: मराठी वाक्य स्वतःशी नीट बोला

बोलायच्या आधी वाक्य मराठीत जसं सहज येईल तसंच मनात म्हणा. पुस्तकी मराठी नको, घरातली मराठी. मग त्यात ‘-तो, -ते, -तात’ आहे की ‘-तोय, -तेय, -तायत’ आहे, तेवढं ऐका.

‘तू काय करतोस?’ हा व्यवसायाचा प्रश्न: ‘व्हॉट डू यू डू?’
‘तू काय करतोयस?’ हा आत्ताचा प्रश्न: ‘व्हॉट आर यू डूइंग?’

‘कोकणात जूनमध्ये पाऊस पडतो’ म्हणजे ‘इट रेन्स इन जून’. ‘छत्री घे, पाऊस पडतोय’ म्हणजे ‘इट इज रेनिंग’. ‘ती बँकेत काम करते’ म्हणजे ‘शी वर्क्स इन अ बँक’. ‘मी नाशिकला राहते’ म्हणजे ‘आय लिव्ह इन नाशिक’, पण ‘सध्या मावशीकडे राहतेय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम स्टेइंग विथ माय आंट’. हा शेवटचा नमुना महत्त्वाचा आहे. कंटिन्युअस वापरायला क्रिया त्या क्षणी डोळ्यांसमोर चालू असलीच पाहिजे असं नाही. सध्याच्या काळापुरती, पुढेमागे संपणारी गोष्टही त्यात बसते. ‘आय अ‍ॅम लर्निंग जर्मन’ हे वाक्य भाजी निवडतानाही म्हणता येतं.

हळूहळू होत जाणारा बदलही असाच सांगतात. ‘भाव वाढतायत’: ‘प्राइसेस आर रायझिंग’. ‘दिवस लहान होतायत’: ‘द डेज आर गेटिंग शॉर्टर’. इथे मराठी कान अगदी बरोबर सांगतो.

जे कायमचं, नेहमीचं, वस्तूच्या स्वभावातलं, त्याला सिंपल. जे चाललेलं, तात्पुरतं, बदलतं, त्याला कंटिन्युअस. हा पाया झाला. आता फसव्या जागा.

दुसरी पायरी: ‘नाही’ आणि ‘नाहीये’ वेगळे ऐका

सुरुवातीच्या मांसाहाराच्या उदाहरणाचं मूळ इथे आहे. होकारात ‘खातो’ आणि ‘खात आहे’ ही रूपं लांबूनच वेगळी ऐकू येतात. नकारात मात्र दोन्हीकडे ‘खात’ येतं: ‘मी मांस खात नाही’, ‘मी मांस खात नाहीये’. ‘खात’ ऐकलं की मनात ‘ईटिंग’ उमटतं आणि सवयीचं वाक्य नकळत कंटिन्युअसमध्ये जातं. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही ही चूक होते, कारण वाक्याच्या घडणीत खटकण्यासारखं काही नसतं.

उपाय असा: नकारात क्रियापदाकडे लक्षच देऊ नका, फक्त शेवट ऐका. ‘नाही’ असेल तर डोन्ट किंवा डझन्ट. ‘नाहीये’ असेल तर अ‍ॅम नॉट, इझन्ट, आरन्ट.

‘तो दारू पीत नाही’: ‘ही डझन्ट ड्रिंक.’
‘गोळ्या चालू आहेत म्हणून तो पीत नाहीये’: ‘ही इझन्ट ड्रिंकिंग बिकॉज ही इज ऑन मेडिसिन.’
‘लिफ्ट रविवारी चालत नाही’: ‘द लिफ्ट डझन्ट वर्क ऑन संडेज.’
‘लिफ्ट चालत नाहीये’: ‘द लिफ्ट इझन्ट वर्किंग.’

काही जण बोलताना ‘नाहीये’ ऐवजी सरसकट ‘नाही’च म्हणतात. तुमची बोली तशी असेल तर वाक्यात ‘सध्या’ किंवा ‘कधीच’ घालून बघा. ‘कधीच’ जुळलं तर सिंपल, ‘सध्या’ जुळलं तर कंटिन्युअस.

तिसरी पायरी: वाक्यात ‘मला’ आहे का?

ही सगळ्यात मोठी फसवी जागा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

इंग्रजीत काही क्रियापदं कृती सांगत नाहीत, स्थिती सांगतात: माहीत असणं, आवडणं, हवं असणं, समजणं, मालकीचं असणं. ती सहसा ‘इंग’ घेत नाहीत. पुस्तकं त्यांची लांबलचक यादी देतात आणि ती पाठ करायला सांगतात. मराठी माणसाला त्यातली निम्मीअधिक यादी पाठ करायची गरज नाही. आपल्या भाषेत अशा बहुतेक वाक्यांत कर्ता ‘मी’ नसतो, ‘मला’ असतो. मला वाटतं, मला कळतं, मला आवडतं, मला आठवतं, मला दिसतं, मला ऐकू येतं, मला हवं आहे, मला माहीत आहे. वाक्यात मला, तुला, त्याला, आईला असं रूप आलं की सावध व्हायचं आणि मराठीत ‘-तंय’ असलं तरी इंग्रजीत सिंपलकडे वळायचं.

‘मला वाटतंय तो येणार नाही’: ‘आय थिंक ही वोन्ट कम.’
‘मला कळत नाहीये’: ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’
‘तुला आठवतंय का?’: ‘डू यू रिमेंबर?’
‘मला पाणी हवंय’: ‘आय वॉन्ट सम वॉटर.’
‘मला दोन भाऊ आहेत’: ‘आय हॅव टू ब्रदर्स.’

‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’ आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ ही वाक्यं भारतात सर्रास चालतात आणि सगळ्यांना कळतात. ऑफिसमधल्या सहकाऱ्याशी बोलताना त्यामुळे काही अडणार नाही. मुलाखतीत, इंग्रजीच्या परीक्षेत आणि परदेशी ग्राहकाशी बोलताना मात्र ती लगेच खटकतात.

‘दिसतंय’ आणि ‘ऐकू येतंय’ यांचा वेगळा विचार करावा लागतो, कारण ऑनलाइन मीटिंगमुळे ही वाक्यं आपण आता रोजच बोलतो. आत्ता, या क्षणी दिसण्या-ऐकण्यासाठी इंग्रजी ‘कॅन’चा आधार घेते. ‘माझा आवाज येतोय का?’ म्हणजे ‘कॅन यू हिअर मी?’ ‘स्क्रीन दिसतेय का?’ म्हणजे ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ ‘आर यू सीइंग माय स्क्रीन?’ असं विचारू नका.

‘मला’ची खूण सगळीकडे चालत नाही. ‘मला कंटाळा येतोय’ हा हळूहळू होणारा बदल आहे, म्हणून ‘आय अ‍ॅम गेटिंग बोअर्ड’. ‘मला मजा येतेय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम एन्जॉइंग इट’, कारण एन्जॉय हे इंग्रजीला कृतीसारखं वाटतं. शरीराच्या तक्रारींना दोन्ही चालतात: ‘आय डोन्ट फील वेल’ आणि ‘आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल’ यांत अर्थाचा फरक जवळजवळ नाही. ‘माय हेड हर्ट्स’ आणि ‘माय हेड इज हर्टिंग’ यांचंही तेच.

उलट, ‘मला’ नसूनही स्थिती सांगणारी थोडी क्रियापदं आहेत, ती लक्षात ठेवा: नो म्हणजे ओळखणं, ओन आणि बिलाँग, डिपेंड, मीन, कॉस्ट, कन्टेन. ‘इट डिपेंड्स’ हे वाक्य ‘इट इज डिपेंडिंग’ असं कधीच होत नाही.

मग मॅकडोनाल्ड्सची जाहिरात २००३ पासून ‘आयम लव्हिन इट’ कसं म्हणते, असा प्रश्न इथे हमखास येतो. लव्ह हे स्थितीचंच क्रियापद आहे. ते मुद्दाम कंटिन्युअसमध्ये घातलं की ‘आत्ता, हा घास खाताना भारी वाटतंय’ अशी छटा येते. बोली इंग्रजीत हे चालतं. पण नवशिक्याने आधी ‘आय लव्ह इट’ पक्कं करावं.

चौथी पायरी: एकच शब्द, दोन अर्थ

काही क्रियापदं एका अर्थाने स्थिती असतात, दुसऱ्या अर्थाने कृती. इथे शब्द पाहून निर्णय होत नाही, अर्थच पाहावा लागतो.

‘आय थिंक इट इज एक्स्पेन्सिव्ह’ हे मत. ‘आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे डोक्यात विचार चालू आहे. ‘वी हॅव अ कार’ ही मालकी. ‘वी आर हॅविंग लंच’ ही कृती. ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी’ म्हणजे आमटी खारट लागतेय. ‘शी इज टेस्टिंग द आमटी’ म्हणजे ती चव घेऊन बघतेय. पहिल्या वाक्यात आमटी काही करत नाही, दुसऱ्यात बाई करतेय. हा फरक धरला की स्मेल, वे (वजन असणं किंवा करणं), लुक यांचंही कोडं सुटतं.

‘ही इज रूड’ आणि ‘ही इज बीइंग रूड’ यांतला फरक तर माणसाबद्दलचं मत बदलणारा आहे. पहिल्यात तो स्वभावानेच उद्धट आहे. दुसऱ्यात तो आज, या प्रसंगी उद्धटपणे वागतोय. सहकाऱ्याची तक्रार लिहून द्यायची वेळ आली, तर या दोन वाक्यांपैकी कोणतं लिहायचं ते नीट ठरवा.

पाचवी पायरी: ‘बसलाय’, ‘नेसलीय’, ‘झोपलेत’

आतापर्यंत ‘-तोय’ फसवत होतं. इथे ‘-लाय’ फसवतं. मराठीत ‘तो खुर्चीवर बसलाय’, ‘ती साडी नेसलीय’, ‘बाबा झोपलेत’ असं म्हणतात. रूप पूर्ण वर्तमानकाळाचं आहे, म्हणून इंग्रजीत ‘शी हॅज वर्न अ सारी’, ‘पापा हॅज स्लेप्ट’ असं बोललं जातं. इंग्रजी ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यातून ‘तिने पूर्वी कधीतरी साडी नेसली आहे’ असं कळेल आणि दुसऱ्यातून ‘बाबांची झोप झाली’ असं. तुम्हाला सांगायचं होतं ते नेमकं याच्या उलट.

शरीराची बैठक, अंगावरचे कपडे, हातात धरलेली वस्तू, झोप यांना इंग्रजी चालू क्रिया मानते: ‘ही इज सिटिंग’, ‘शी इज वेअरिंग अ सारी’, ‘पापा इज स्लीपिंग’, ‘शी इज होल्डिंग अ‍ॅन अम्ब्रेला’. ‘कुठे चाललास?’ हेही याच गटातलं: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ आणि स्वयंपाकघरातून ‘आले, आले!’ अशी हाक आली, तर ती सरळ भूतकाळात असली तरी इंग्रजीत ‘आय अ‍ॅम कमिंग!’

‘तो पुण्याला गेलाय’ मात्र या गटात नाही. तिथे जाण्याची क्रिया झालेली आहे, म्हणून ‘ही हॅज गॉन टु पुणे’ बरोबर. शंका आली तर विचारा: समोर आत्ता जे दिसतंय त्याचंच हे वर्णन आहे का? असेल तर कंटिन्युअस.

सहावी पायरी: ‘पासून’ दिसलं की दोन्ही काळ सोडा

‘मी २०१५ पासून ठाण्यात राहतोय.’ इथे इंग्रजीत सिंपलही नाही, कंटिन्युअसही नाही. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे सिन्स २०१५’ असं म्हणावं लागतं. मराठी वर्तमानकाळ मागच्या काळापासून आजपर्यंत सहज पसरतो. इंग्रजीत त्यासाठी वेगळं रूप आहे. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ या वाक्यात तर दोन चुका आहेत, कारण कालावधी सांगताना ‘फॉर’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’

सातवी पायरी: भविष्याबद्दल बोलणारे वर्तमानकाळ

‘डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते.’ वेळापत्रकाला दोन्ही भाषांत साधा वर्तमानकाळच लागतो: ‘द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सेव्हन फिफ्टीन.’ ‘शुक्रवारी मी डॉक्टरांना भेटतेय’ हे ठरलेलं काम. तिथेही दोन्ही भाषा जुळतात: ‘आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर ऑन फ्रायडे.’

‘थांब, मी दार उघडतो’ इथे मात्र गोची आहे. मराठीत साधा वर्तमानकाळ आहे, पण हे वचन आहे, त्या क्षणी घेतलेला निर्णय आहे. इंग्रजीत ‘आयल ओपन द डोअर’. ‘आय ओपन द डोअर’ म्हटलं तर दार उघडणं हे तुमचं रोजचं काम आहे असा अर्थ होतो. ‘मी बिल देतो’, ‘मी सांगते त्याला’, ‘नंतर बोलतो’ या सगळ्यांना ‘आयल’ लावा.

आणि ‘मी पोहोचले की फोन करते’. आपण आधी भूतकाळ आणि मग वर्तमानकाळ वापरतो. इंग्रजी आधी वर्तमानकाळ आणि मग भविष्यकाळ वापरते: ‘व्हेन आय गेट देअर, आयल कॉल यू.’ ‘व्हेन आय विल गेट देअर’ नको.

‘नेहमी’ असूनही कंटिन्युअस

खुणेचे शब्द इथे पुरते फसवतात. ‘तो सारखा मोबाइल बघत असतो’ या वाक्यात वैताग आहे आणि इंग्रजी तो कंटिन्युअसने दाखवते: ‘ही इज ऑल्वेज लुकिंग अ‍ॅट हिज फोन.’ तसंच ‘मी येते तेव्हा ते बहुधा पेपर वाचत असतात’: ‘व्हेन आय कम होम, ही इज युजुअली रीडिंग द पेपर.’ म्हणजे मी येण्याआधीच वाचन सुरू असतं. ‘ही युजुअली रीड्स’ म्हटलं तर मी आल्यावर ते वाचायला घेतात असा अर्थ होतो. मराठीतलं ‘करत असतो’ हे रूप, ज्याला व्याकरणात रीती वर्तमानकाळ म्हणतात, ते ऐकू आलं की या शक्यतेचा विचार करा. मात्र ‘मी रोज फिरायला जात असतो’ हे साधं सवयीचं वाक्य आहे; तिथे ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी डे’ पुरतं.

जिथे हे लगेच उपयोगी पडेल

मुलाखतीत स्वतःचं काम सांगताना पद आणि जबाबदारी सिंपलमध्ये, सध्याचा प्रकल्प कंटिन्युअसमध्ये: ‘आय वर्क अ‍ॅज अ‍ॅन अकाउंटंट. आय हँडल व्हेंडर पेमेंट्स. अ‍ॅट प्रेझेंट आय अ‍ॅम हेल्पिंग विथ द ऑडिट.’ सगळंच कंटिन्युअसमध्ये सांगितलंत, तर ऐकणाऱ्याला तुमचं सगळं काम तात्पुरतं वाटेल.

आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत आलेखाचं वर्णन करताना ‘द चार्ट शोज’ लिहा, ‘इज शोइंग’ नको. चित्राचं वर्णन करताना उलट: ‘अ मॅन इज सेलिंग व्हेजिटेबल्स.’ ईमेलच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टु’ औपचारिक आहे, ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टु’ थोडं जवळिकीचं, दोन्ही बरोबर. माफी, वचन, विनंती हे शब्द उच्चारताच कृती पूर्ण होते, म्हणून ‘आय अपॉलोजाइज’, ‘आय प्रॉमिस’, ‘आय रिक्वेस्ट यू’ हे सिंपलच.

सराव

हा फोनवरचा उतारा मोठ्याने वाचा आणि खालची उत्तरं झाकून इंग्रजीत बोला.

‘आई, मी ऑफिसमध्येच बसलेय. बाहेर जोरात पाऊस पडतोय. ऑफिस सहाला बंद होतं, पण आज मी थांबतेय. मला वाटतंय गाड्या उशिरा धावतायत. निघाले की फोन करते. बाबा काय करतायत? झोपलेत का? त्यांना डॉक्टरांचं म्हणणं आठवतंय ना? ते गोळ्या वेळेवर घेत नाहीत.’

उत्तरं ओळीने: ‘आय अ‍ॅम स्टिल सिटिंग इन द ऑफिस.’ ‘इट इज रेनिंग हेविली.’ ‘द ऑफिस क्लोजेस अ‍ॅट सिक्स, बट आय अ‍ॅम स्टेइंग लेट टुडे.’ ‘आय थिंक द ट्रेन्स आर रनिंग लेट.’ ‘आयल कॉल यू व्हेन आय लीव्ह.’ ‘व्हॉट इज पापा डूइंग? इज ही स्लीपिंग?’ ‘डज ही रिमेंबर व्हॉट द डॉक्टर सेड?’

शेवटच्या वाक्याचं उत्तर ‘ही डझन्ट टेक हिज टॅब्लेट्स ऑन टाइम’, कारण मुलगी बाबांच्या जुन्या सवयीबद्दल बोलतेय. तिने ‘घेत नाहीयेत’ म्हटलं असतं, तर ‘ही इझन्ट टेकिंग’ आलं असतं, आणि आईला कळलं असतं की हे अलीकडेच सुरू झालंय.